सर्दी झाली की उड्डाण बंद, ते का?

नाशिकरोड-उपनगरच्या लोकांना गांधीनगरच्या धावपट्टीवरून उठणाऱ्या चेतक-चीता हेलिकॉप्टरांची घरघर अंगवळणी पडली आहे. लष्कराच्या वैमानिकांचं प्रशिक्षण तिथे २००३ पासून चालतं. असा एखादा तरुण अधिकारी अधूनमधून चार-आठ दिवस उडत नाही. बऱ्याचदा कारण असतं साधी सर्दी.

कसारा घाट उतरताना कानाला दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात. घसा आणि मधला कान जोडणारी नळी वर चढताना आपसूक उघडते, उतरताना मात्र मुद्दाम उघडावी लागते. सर्दीने ती सुजलेली असली आणि दाबातला फरक पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरवर गेला, की कितीही जोर लावा, उघडत नाही. पडदा आत ओढला जातो, असह्य कळ येते, कधी चक्करही. हेलिकॉप्टर खालूनच उडतं म्हणून सुटका नाही, कारण हवेचा दाब सर्वांत झपाट्याने बदलतो तो जमिनीजवळच.

हे शहाणपण पहिल्या महायुद्धातून आलं. शंभर मृत वैमानिकांत दोन शत्रूमुळे, आठ विमानाच्या दोषामुळे आणि नव्वद स्वतःच्याच उणिवांमुळे गेले, असा ब्रिटिशांचा म्हणून एक हिशोब तेव्हापासून सांगितला जातो. संशय यावा इतका तो गोल आहे, पण त्याचा धसका खरा होता. १९१८ मध्ये अमेरिकेने न्यूयॉर्कजवळ मिनिओलाला प्रयोगशाळा काढली आणि वैमानिकांसोबतच राहणारे डॉक्टर, म्हणजे ‘फ्लाइट सर्जन’, नेमले. भरतीच्या वेळी एकदा तपासून भागत नाही, माणूस आज सकाळी कसा आहे ते पाहायला हवं, हे तेव्हा पटलं. भारतीय हवाई दलाने वैमानिकांच्या आरोग्याच्या या शास्त्रासाठी बंगळुरूला १९५७ मध्ये स्वतंत्र संस्था उभारली.

पुढे उड्डाण थांबवण्याची कारणं वाढत गेली: गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, नुकतंच केलेलं रक्तदान, दाढेचं दुखणं, खोल पाण्यातली डुबकी, हेलिकॉप्टरवाल्यांची कायमची पाठदुखी. खरी अडचण आजार लपवण्याची. उड्डाण थांबेल या भीतीने वैमानिक डॉक्टरला टाळतो, हे जुनंच दुखणं. म्हणून तर डॉक्टरला त्यांच्यातलाच एक करून ठेवलं.

पुन्हा उडायची परवानगी देताना डॉक्टर कानात उजेड टाकून पडदा पाहतात आणि नाक दाबून फुंकायला सांगतात. पडदा हलला, तरी घेतलेल्या गोळीचा अंमल उतरेपर्यंत थांबावं लागतंच.