उपाशीपोटी येण्याची अट नसलेली तपासणी

गरोदरपणातल्या मधुमेहाची खरी अडचण ही की तो दुखत नाही. दमणूक, तहान, वारंवार लघवीला जाणं हे सगळं ‘दिवस गेलेत, असं होणारच’ म्हणून सोडून दिलं जातं.

बाळाला ग्लुकोज मिळत राहावं म्हणून वारेतली संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून हे भरून काढतं. जिला ते जमत नाही तिची साखर वाढते. ही साखर वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते, आईचं इन्सुलिन मात्र पोहोचत नाही. मग बाळाचंच स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करू लागतं, बाळावर चरबी चढते, प्रसूती अवघड होते. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबतो, पण बाळाचं इन्सुलिन लगेच ओसरत नाही. त्यामुळे गुटगुटीत दिसणाऱ्या बाळाची साखर जन्मानंतर काही तासांतच धोकादायक खाली जाऊ शकते.

तमिळनाडूत 2005 ते 2007 दरम्यान 12,056 गर्भवती तपासल्या, तेव्हा 13.9 टक्के जणींना हा मधुमेह निघाला. शहरात 17.8, पण खेड्यांतही 9.9 टक्के. म्हणजे दहातली एक! ‘हा शहरी बायकांचा आजार’ हा समज तिथेच गळून पडायला हवा होता.

चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी रुजवलेली तपासणी मला फार मोलाची वाटते, कारण ती बाईची अडचण ओळखते. पहाटे निघून, एसटी बदलून दवाखान्यात आलेल्या गर्भवतीला ‘उद्या उपाशीपोटी या’ म्हटलं, तर ती परत येईलच असं नाही. म्हणून जेवलेली असो वा नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्यायचं आणि दोन तासांनी रक्त तपासायचं. साखर 140 किंवा त्याहून जास्त आली, की निदान पक्कं. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार ही तपासणी नाव नोंदवताना आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत करायची असते. बहुतेकींना आहार आणि चालणं पुरतं. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ हा आग्रह मात्र घरच्यांनी सोडायला हवा.

बाळंतपणानंतर साखर सहसा उतरते आणि विषय मिटल्यासारखा वाटतो. पण अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या किमान सातपट असते. त्यासाठी सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे. नेमकी दीड महिन्याची लस याच सुमारास असते. बाळाची लस सहसा चुकत नाही. त्याला घेऊन आलेल्या आईला तिच्या साखरेबद्दल विचारणारं कुणी तिथे असायला हवं.