रॅमची जुळणी (डेस्कटॉप संगणक)

डेस्कटॉपची रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, वाढवताना नवी पट्टी मदरबोर्डला, प्रोसेसरला आणि आधीपासून बसलेल्या पट्टीला चालेल की नाही, हे पाहून घेणे म्हणजे रॅमची जुळणी. मुंबईत या खरेदीची जुनी पेठ म्हणजे ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव लोकांच्या तोंडून काही गेलेले नाही. तिथल्या काउंटरवर ‘आठ जीबी रॅम द्या’ म्हटले की भावाआधी प्रश्न येतो, ‘बोर्ड कुठला?’ गिऱ्हाईक बहुधा प्रोसेसरचे नाव सांगते. त्याने अर्धेच काम होते.

पहिली अट रॅमच्या पिढीची. डीडीआर३ (२००७), डीडीआर४ (२०१४) आणि डीडीआर५ (२०२०) या तिन्ही पट्ट्या सव्वापाच इंच लांब असतात, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. सोनेरी दातांच्या मधली खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकवलेली असते, ती नेमकी चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच. डीडीआर३ला २४० पिना आणि दीड व्होल्ट, डीडीआर४ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. डीडीआर५च्याही पिना २८८च, व्होल्टेज मात्र १.१. या शेवटच्या दोघींच्या खाचा इतक्या जवळ आहेत की नुसत्या नजरेला फरक कळत नाही. डोळ्यांवर भरवसा न ठेवता लेबल वाचावे: पीसी३, पीसी४ की पीसी५. पट्टी बसत नसेल तर उलटी धरून पाहावी. तरीही बसत नसेल तर तिथेच थांबावे, कारण जोर लावला की स्लॉट जातो.

पिढी ठरते ती बोर्डावरून. इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतात आणि त्यांचे एच६१० बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. एका बोर्डावर मात्र बहुधा एकच प्रकार. एएमडीच्या बाजूला हा घोळ नाही: एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५. ‘डेस्कटॉप’ हा शब्दही फसवा आहे. बँकांच्या काउंटरवर दिसतात तसल्या वहीएवढ्या छोट्या पेट्यांत आणि बहुतेक ऑल-इन-वन मशीनमध्ये लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. म्हणून खोलून पाहिल्याशिवाय निघू नये. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जुनी पट्टी काढून, कागदात गुंडाळून सोबत नेणे आणि बोर्डावर छापलेल्या मॉडेल नंबरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’वर क्लिक केले की वेग आणि भरलेले स्लॉट कळतात, पण बोर्डाचा नंबर तिथे मिळत नाही.

खरी गंमत जुन्या मशीनमध्ये आहे, आणि मुंबईतल्या क्लासेस, झेरॉक्सची दुकाने नि सोसायटीची ऑफिसे अजून त्यांवरच चालतात. इंटेलच्या एच६१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) बोर्डाला दोन स्लॉट आणि कमाल मर्यादा १६ जीबी, म्हणजे आठ-आठच्या दोन पट्ट्या. १६ जीबीची एकच पट्टी पिढी जुळूनही चालत नाही, कारण तिच्यातल्या चिपची घनता त्या काळच्या प्रोसेसरला ओळखता येत नाही. त्याहून जुन्या जी४१ बोर्डावर तर चार जीबीच्या पट्टीवर चिप किती आहेत ते मोजावे लागते: सोळा असतील तर चालते, आठ असतील तर नाही. दुकानदार पट्टी उलटसुलट करून दोन्ही बाजूंच्या चिप मोजताना दिसला, तर तो वेळ काढत नाहीये.

स्वस्त डीडीआर३ घेताना आणखी दोन सापळे. सर्व्हरमधून काढलेल्या ‘रजिस्टर्ड’ प्रकारच्या पट्ट्या खाचेत बरोबर बसतात, पण घरगुती बोर्डावर डिस्प्लेच येत नाही; लेबलवर १२८०० सारख्या आकड्याला चिकटून ‘आर’ असेल तर ती परत ठेवावी. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. सेकंडहँड माल समोर लावून, मशीन चालू करूनच घ्यावा.

वेगाला लोक नको इतके महत्त्व देतात. ३२०० वेगाची पट्टी सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर साध्या बोर्डात लावली की ती २४००वर चालते. बिघडत काही नाही, जादा दिलेले पैसे तेवढे वाया जातात. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोघीही हळूच्या चालीने चालतात. उलट, सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसले म्हणून फसवल्याची तक्रार घेऊन जाऊ नये. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, त्यामुळे १६०० म्हणजेच ३२००. लेबलवरचा जाहिरातीचा वेग मिळवायला बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एएमडीचे एक्सपो हे वेगाचे पर्याय चालू करावे लागतात, आणि पुष्कळ ब्रँडेड मशीनच्या बायोसमध्ये ती सोयच नसते.

वेगापेक्षा जोडी महत्त्वाची. ३२००ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी नेऊ शकते, दोन चॅनेलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर) लावलेल्या दोन ५१.२. वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला हा फरक चांगला जाणवतो. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा भरायचा. डीडीआर५मध्ये चारही भरण्याचा मोह टाळावा: रायझन ७००० मालिकेत दोन रँकच्या (चिपचे दोन गट असलेल्या) चार पट्ट्यांसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग ३६००वर उतरतो. त्यात २०२५च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर भाव असे चढले की ‘आत्ता एक, पुढे एक’ हा बेत महागात पडू शकतो.

विंडोज ३२-बिटची असेल तर चार जीबीच्या वरची रॅम घालून काही उपयोग नाही. आणि मशीनमध्ये अजून हार्ड डिस्कच घरघरत असेल, तर आठ जीबी असताना रॅमआधी एसएसडी घ्यावी, असे या नोंदकर्त्याचे मत.

बसवताना वायर भिंतीतून काढून पॉवरचे बटण एकदा दाबावे, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. पट्टीच्या दोन्ही टोकांना सारखा दाब द्यावा, क्लिपचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत. डिस्प्ले आला नाही तर दुरुस्तीवाले पहिल्यांदा खोडरबर काढतात: पावसाळ्याच्या दमट हवेत काळवंडलेले दात त्याने हलकेच पुसले की मशीन पुष्कळदा उठते. मुलामा पातळ असतो, त्यामुळे घासत बसू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल अधिक बरे. डीडीआर५चे मशीन रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटे काळाच पडदा दाखवू शकते. त्या वेळात बोर्ड नव्या पट्टीशी वेळेचा मेळ जमवत असतो. घाबरून स्विच बंद केला की ते काम पुन्हा पहिल्यापासून.