पंचवीस डिसेंबर आणि काठीची सावली

डिसेंबर उजाडला की व्हॉट्सॲपवर एक संदेश नेमाने फिरू लागतो. त्याचे सार असे की, नाताळ हा मूळचा ख्रिस्ती सण नव्हेच. तो रोमन सूर्यदेवाचा किंवा मिथ्र नावाच्या देवाचा जन्मदिवस होता, चर्चने तो ‘चोरला’, आणि मिथ्र म्हणजे आपलाच वैदिक मित्र असल्यामुळे नाताळही पर्यायाने आपलाच. यंदा हा संदेश मला तीन गटांतून आला, त्यांपैकी एक गट निवृत्त अभियंत्यांचा आहे. त्यात थोडे तथ्य आहे, बरीच भर आहे, आणि जी गोष्ट खरोखर विलक्षण आहे ती मात्र नेमकी गाळलेली आहे. ती गोष्ट खगोलगणिताची आहे.

‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘नातालिस’ या शब्दात आहे. नातालिस म्हणजे जन्मदिवस. पण रोममध्ये एखाद्या देवळाच्या प्रतिष्ठापनेच्या वार्षिक दिवसालाही हाच शब्द लावीत. इ.स. ३५४ मध्ये फिलोकालुस नावाच्या सुलेखनकाराने व्हॅलेंटिनस या रोमन गृहस्थासाठी एक सचित्र पंचांगवजा ग्रंथ तयार केला. मूळ प्रत नष्ट झाली असून आज आपल्या हाती प्रतींच्या प्रती आहेत. त्यातील २५ डिसेंबरच्या नोंदीत ‘नातालिस’ हा शब्द केवळ ‘एन’ या अक्षराने लिहिलेला आहे, पुढे ‘इन्व्हिक्टी’, म्हणजे ‘अजिंक्याचा’, आणि त्यापुढे त्या दिवशी व्हायच्या रथशर्यतींची संख्या, ३०. हा अजिंक्य म्हणजे ‘सोल इन्व्हिक्टुस’, अजिंक्य सूर्य, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आता त्याच ग्रंथाची पुढची पाने उलटली की हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी लागते. ती इ.स. ३३६ च्या सुमाराची असून तिच्या आरंभीच, त्याच तारखेला, ख्रिस्त यहूदियातील बेथलेहेमात जन्मल्याची नोंद आहे. सूर्याच्या या दिवसाचा सर्वांत जुना वादातीत पुरावा आणि ख्रिस्ताच्या या दिवसाचा सर्वांत जुना वादातीत पुरावा असे दोन्ही एकाच पुस्तकाच्या पोटात आहेत. कोणी कोणाचे घेतले हे ठरवू पाहणाऱ्याची येथेच पंचाईत होते.

सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचे भव्य देऊळ उभारले हे खरे आहे; मात्र ते २५ डिसेंबरलाच उघडले, हे ३५४ च्या नोंदीवरून मागे जाऊन केलेले अनुमान आहे. मिथ्राचा जन्म २५ डिसेंबरला झाला असे सांगणारा तर एकही प्राचीन पुरावा नाही. रोमन शिल्पांत मिथ्र खडकातून प्रकटताना दिसतो, त्यामुळे संदेशातील ‘कुमारी मातेच्या पोटी’ हा तपशीलही गळून पडतो. वैदिक मित्र आणि इराणी मिथ्र ही नावे एकाच मुळातली आहेत, पण नाव जुळले म्हणून सण जुळत नाही.

या तारखेची दुसरी उपपत्ती फ्रेंच इतिहासकार लुई द्युशेन यांनी १८८९ मध्ये मांडली. तीनुसार २५ डिसेंबर ही तारीख बेरजेने निघते. ख्रिस्ताचा मृत्यू २५ मार्चला झाला असे टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक इ.स. २०० च्या सुमारास लिहितो. मरियेला गर्भधारणाही त्याच तारखेला झाली असे पुढे संत ऑगस्टीन नोंदवतो. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडील काही ख्रिस्ती मंडळी मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरीत, आणि आर्मेनियन चर्च आजही ख्रिस्तजन्म ६ जानेवारीला साजरा करते. नऊ महिन्यांचे अंतर तेथेही तंतोतंत आहे. मला हा हिशेब दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही. परंतु त्यामुळे सूर्य कथेतून बाहेर पडतो असेही नाही, कारण रोमन परंपरेत २५ मार्च हा वसंतसंपाताचा, म्हणजे समान दिवस-रात्रीचा, दिवस होता, २५ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस होता, आणि २४ जूनच्या सुमारास उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस धरीत. २४ जून ही योहान बाप्तिस्ताच्या जन्माची तारीख आहे. गोव्यात डोक्यावर फुलापानांची कोपेलां घालून विहिरीत उड्या मारतात तो सांजांव हाच. गोव्यातले हे दोन्ही सण, नाताळ आणि सांजांव, रोमन अयनदिनांच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांच्या, खुंट्यांना टांगलेले आहेत.

आता शाळेत शिकलेली एक गोष्ट आठवावी. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला असतो. मग रोमन लोकांनी तो २५ ला का धरला?

याचे पहिले उत्तर असे की, अयनदिन डोळ्यांना दिसतच नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्यात गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी करून मी डिसेंबरातले आठ दिवस मध्यान्हीची सावली मोजली. ती सुमारे ९० सेंटिमीटर भरते. अयनदिनाच्या तीन दिवस आधी किंवा तीन दिवस नंतर ती किती बदलावी? गणिताने फक्त एक मिलिमीटर. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्यामुळे सावलीची कडा मुळातच दीड सेंटिमीटरभर धूसर असते, तेव्हा त्या धुक्यात एक मिलिमीटर शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्याइतकेच आशादायक. याउलट मार्चमध्ये, संपाताच्या आसपास, तीच सावली दररोज सात-आठ मिलिमीटरने आखडते. सूर्याची उत्तर-दक्षिण चाल झोक्यासारखी आहे: मध्यावर वेग सर्वाधिक, टोकाला जवळजवळ शून्य. ‘सूर्य तीन दिवस मृत असतो आणि चौथ्या दिवशी पुनरुत्थित होतो’ असे जे काही चित्रफितींत ठासून सांगतात, ते या टोकाच्या मंदपणाला दिलेले नाट्यरूप आहे. सूर्य तीनच दिवस थांबतो आणि मग निघतो असे कोणत्याही काठीला दिसत नाही.

दुसरे उत्तर दिनदर्शिकेच्या सरकण्यात आहे. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४५ पासून ३६५.२५ दिवसांचे वर्ष लागू केले. ऋतूंचे, म्हणजे सायन, वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे आहे. फरक दरवर्षी सुमारे ११ मिनिटांचा, म्हणजे १२८ वर्षांत एक पूर्ण दिवसाचा. (सीझरनंतरच्या पुरोहितांनी दर चौथ्याऐवजी दर तिसऱ्या वर्षी लीप दिवस घातला, ऑगस्टसने तो गोंधळ पुढे काही लीप वर्षे रद्द करून निस्तरला, तो प्रकार येथे बाजूला ठेवू.) सीझरच्या काळी अयनदिन २३ डिसेंबरच्या आसपास येत होता, म्हणजे २५ ही तारीख तेव्हाही एक-दोन दिवसांनी चुकीचीच होती. ऑरेलियनपर्यंत अयनदिन आणखी अडीच दिवस मागे सरकून २१ च्या आसपास आला, पण प्लिनीसारख्या रोमन ग्रंथकारांनी लिहून ठेवलेला २५ कोणी हलवला नाही. पुढे १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणून दहा दिवस वगळले. दहाच का? कारण त्याला आकाश सीझरच्या काळापाशी न्यायचे नव्हते, तर इ.स. ३२५ च्या नायसिया येथील धर्मपरिषदेपाशी न्यायचे होते. ईस्टरचे गणित त्या काळच्या २१ मार्चच्या संपाताला बांधलेले होते. त्यामुळे ३२५ साली नाताळ आणि अयनदिन यांत जे तीन-चार दिवसांचे अंतर पडलेले होते, ते आज जवळपास तसेच गोठलेले आहे.

येथे आपली मकर संक्रांत आठवणे अपरिहार्य आहे, कारण तिची अडचण नेमकी उलट दिशेची आहे. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने, म्हणजे निरयन पद्धतीने, मोजतात. नाक्षत्र वर्ष सायन वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्यामुळे संक्रांत अयनदिनापासून साधारण ७१ वर्षांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी. आज ती १४ किंवा १५ ला येते. म्हणूनच १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ‘संक्रांत कोसळली’ हे म्हणणे केवळ वाक्प्रचार म्हणूनच खरे आहे. त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने स्वीकारलेल्या चित्रापक्षीय अयनांशाने (चित्रा ताऱ्यावरून ठरवलेल्या, निरयन आणि सायन आरंभबिंदूंमधील अंतराने) मागे गेल्यास संक्रांत आणि अयनदिन इ.स. २८५ मध्ये एकत्र येतात, म्हणजे ऑरेलियनच्या देवळानंतर अवघ्या ११ वर्षांनी. हे वाचून पुढचा संदेश रचायला घेतलेल्यांनी थोडे थांबावे. टिळक पंचांग चित्रेऐवजी रेवतीचा तारा आरंभ धरते, त्यामुळे त्यात संक्रांत १० जानेवारीला येते आणि तो मेळ जवळजवळ २९० वर्षे पुढे ढकलला जातो. एक तारा बदलला की जो योगायोग विरतो, तो इतिहासाचा पुरावा होऊ शकत नाही.

सूर्य आणि ख्रिस्त यांची सरमिसळ पाहायची असेल तर तारखेपेक्षा माणसांकडे पाहिलेले बरे. रोममध्ये संत पीटरच्या बॅसिलिकेखालील दफनभूमीत एका लहान कबरखोलीच्या छतावर तिसऱ्या शतकातील मोझेक आहे: सोनेरी पार्श्वभूमी, भोवती द्राक्षवेली, आणि रथावर आरूढ झालेली, मस्तकातून किरण फुटलेली आकृती. तो सूर्य आहे. पण शेजारच्या भिंतींवर बायबलमधील योना आणि मासा व मेंढपाळ ही ख्रिस्ती चित्रे असल्यामुळे तो ख्रिस्तही आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये ‘सूर्याचा दिवस’ विश्रांतीचा ठरवला, तेव्हा त्याच्या नाण्यांवर अजिंक्य सूर्य झळकत होताच. आणि पाचव्या शतकात पोप लिओ नाताळच्या प्रवचनात तक्रार करतो की, काही ख्रिस्ती भाविक संत पीटरच्या पायऱ्या चढून वर आले की देवळात शिरण्यापूर्वी मागे वळतात आणि उगवत्या सूर्यापुढे मान लववतात.

रशियन आणि सर्बियन चर्च आजही सीझरच्या दिनदर्शिकेनेच २५ डिसेंबर पाळते, म्हणून त्यांचा नाताळ आपल्या कॅलेंडरवर ७ जानेवारीला येतो. २१०० हे वर्ष सीझरच्या हिशेबात लीप आहे आणि ग्रेगरीच्या हिशेबात नाही. त्यामुळे २१०१ पासून तो ८ जानेवारीला येऊ लागेल.