घट्ट बसलेलं झाकण आणि आमचा पट्टा-पाना : वापरायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार. आमचा पट्टा-पाना घेतल्याबद्दल मनापासून आभार. डबा फोडल्या फोडल्या पाना झाकणाला अडकवून ओढायची घाई करू नका, पाच मिनिटं काढून हे पत्रक वाचा, मागच्या पानावर हेच सगळं कन्नडमध्ये पण छापलंय, घरात ज्याला जे बरं पडतंय ते द्या.

आम्ही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले वर्कशॉपवाले. रोजचं काम कास्टिंगचं आणि लेथचं, मशीनचे पार्ट करून द्यायचे. हा पाना मात्र आम्ही घरच्यांसाठी म्हणून केला आणि मग सगळ्यांसाठी काढला, कारण दुपारी घरात एकट्या असलेल्या माणसाला समोर लोणच्याची बाटली असून पण कोणीतरी येईपर्यंत वाट बघत बसायला लागतंय हे आम्हाला पटत नाही. सांधे दुखणाऱ्या माणसाला तर हा प्रश्न रोजचाच, जॅम, मध, कॉफी, औषधाची बाटली, काही ना काही असतंयच.

झाकण घट्ट का बसतं

बहुतेकांना वाटतं की कंपनीत मशीननं लई आवळलंय म्हणून उघडत नाही. आवळलेलं असतंच, पण खरं धरून ठेवणारी असती ती बाहेरची हवा. जॅम, सॉस, पल्प असला माल 85 अंशांच्या वर गरम असतानाच बाटलीत भरतात आणि लगेच झाकण लावतात, मग वरच्या मोकळ्या जागेतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं आणि आत हवेचा दाब कमी पडतो. बाहेरचा दाब आहे तसाच असतो, तो झाकण खाली दाबून धरतो. त्यामुळंच नव्या बाटलीच्या झाकणाचा मधला भाग जरासा आत गेलेला दिसतो, बोट फिरवून बघा, कळतंय.

आता आकडा सांगतो म्हणजे अंदाज येईल. मोठ्या जॅमच्या बाटलीचं झाकण धरा साधारण 63 मिलिमीटरचं, म्हणजे 31 चौरस सेंटीमीटरची जागा झाली. दर चौरस सेंटीमीटरवर हवा जवळजवळ 1 किलोनं दाबत असती. आतला दाब निम्म्यावर जरी आलेला असला तरी झाकणावर 15 किलोच्या आसपास वजन बसलं, म्हणजे तांदळाची पिशवी झाकणावर ठेवून ते फिरवायचं म्हटल्यासारखं झालं. त्यात हात ओला नाहीतर तेलकट असला तर बोटं नुसती घसरत राहतात आणि झाकण ढिम्म हलत नाही.

यात आपल्या भागातली एक गोष्ट आहे ती पण सांगतो. बेळगाव समुद्रापासून साधारण 750 मीटर उंचावर आहे, त्यामुळं इथं हवेचा दाब गोव्यापेक्षा 8-9 टक्के कमी असतो. इथं घरी गरम गरम साखरांबा भरून घट्ट बंद केलेली काचेची बाटली घेऊन तुम्ही चोर्ला घाट उतरून पणजीला लेकीकडं गेलात की त्याच झाकणावर 2.5 ते 3 किलोचा दाब आणखी वाढतो. लेक फोन करून म्हणती काय गं आई एवढं घट्ट लावलंयस, पण आईनं काही जास्त लावलेलं नसतंय. उलट खालून वर आणलेली वेफर्सची सीलबंद पाकिटं इथं जरा फुगलेली दिसतात ती पण ह्याच कारणानं.

म्हणून आमचं सांगणं एकच आहे, आधी हवा आत सोडा आणि मग फिरवा. जोर काढायचं काम नाही. पान्याला दोन टोकं दिलीत ती त्याचसाठी, एका टोकाला चोच आणि दुसऱ्या टोकाला पट्टा.

चोच कशी लावायची

चोच फक्त पत्र्याच्या झाकणासाठी. प्लॅस्टिकच्या झाकणाला लावलीत तर त्याची कड तडकणार, तिथं लावूच नका.

बाटली कट्ट्यावर सपाट ठेवा, खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकत नाही. चोचीचं खालचं टोक झाकणाच्या कडेखाली सरकवा आणि वरचा गोल भाग झाकणावर टेकू द्या, हँडल बाहेरच्या बाजूला राहिलं पाहिजे. मग हँडल सावकाश वर उचला, सोड्याच्या ओपनरचंच तत्त्व आहे हे. कड केसभर उचलली की पुरतंय. आधी बारीक फुस्स असा आवाज येतो आणि पाठोपाठ झाकणाचा मधला भाग टक करून वर येतो. एका जागी नाही झालं तर बाटली थोडी फिरवून दुसऱ्या जागी करा, एकाच जागी जास्त उचलत बसलात तर कड वाकडी होती आणि परत झाकण नीट बसत नाही. टक झालं की पुष्कळदा पाना लागतच नाही, हातानंच पाव फेऱ्यात झाकण सुटून येतं, कारण असल्या पत्र्याच्या झाकणांना बहुतेक करून पूर्ण आटे नसतात, आतल्या बाजूला चार-सहा छोटे दात असतात तेवढेच. (आटेवाल्या काचेच्या बरणीचं पेटंट अमेरिकेत जॉन मेसननं 1858 साली घेतलं. उघडायचा ताप त्या दिवसापासून चालू झाला असं आमचे फिटर म्हणतात.)

सुरीचं टोक, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर घालून कड उचकटणं बंद करा हो. सुरी घसरली की सरळ डाव्या हाताच्या तळव्यात जाती, आणि काचेच्या ओठाला टवका उडला तर तो आत जॅममध्ये पडतो आणि दिसत पण नाही. काच उडाली असं जरा जरी वाटलं तर आख्खी बाटली टाकून द्या, वरचं काढून खालचं खाऊया म्हणू नका. दाराच्या फटीत झाकण अडकवून फिरवायची पद्धत पण आपल्याकडं घरोघरी आहे, त्यानं झाकण चेपतं, दाराची बिजागरी ढिली होती आणि बाटली हातात फुटायची भीती ती वेगळीच.

पट्टा कसा लावायचा

हे नीट बघा, कारण सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच येतात, पट्टा घसरतो म्हणून. पट्टा उलटा लावला तर घसरणारच. हँडलवर बाण कोरलाय, तो वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेला दिसला पाहिजे. पट्टा झाकणाच्या बाजूनं गोल घाला, मोकळं टोक खाचेतून ओढून घट्ट करा आणि मग हँडल बाणाच्या दिशेला ओढा. सुलटा लावलेला पट्टा तुम्ही ओढाल तसा आपोआप आवळत जातो, तुम्हाला दाबून धरायला लागत नाही. बोटांनी झाकण आवळायचं कामच नाही, आणि सांधे धरलेल्या माणसाला तेच तर जमत नसतं.

हँडल 18 सेंटीमीटर ठेवलंय त्याला पण हिशेब आहे. 63 मिलिमीटरच्या झाकणाच्या मधापासून कडेपर्यंत साधारण 3 सेंटीमीटर, आणि पान्यावर तुमचा हात मधापासून 18 सेंटीमीटरवर, म्हणजे तेवढाच जोर जवळजवळ सहा पट होऊन लागतो. यापेक्षा लांब हँडल करून द्या म्हणून काही दुकानदारांनी मागितलं होतं, आम्ही दिलं नाही, लांब केलं की जोर एवढा होतो की झाकण फिरायच्या ऐवजी बाटलीच हातातून फिरती नाहीतर फुटती.

मनगट वळवून ओढू नका. बाटली कमरेच्या उंचीला ठेवा, डाव्या हाताचा नुसता पंजा नको, कोपरापर्यंतचा हात बाटलीभोवती घाला आणि उजव्या हातानं हँडल बाणाच्या दिशेला ओढा, म्हणजे काम खांदा करतो. एका हातात अजिबात ताकद नसली तर बाटली कट्ट्याच्या कोपऱ्यात दोन भिंतींना टेकवून ठेवा, खाली फडकं आहेच. डावखुऱ्यांनी बाटली उजव्या हातात धरून डाव्या हातानं हँडल बाणाच्या दिशेला न्यायचं, पट्ट्याची दिशा तीच.

प्लॅस्टिकच्या बरणीला फक्त पट्टाच लावा, आणि बरणी झाकणाच्या जवळ धरू नका, खाली बुडाकडं धरा. पातळ बरणी वरच्या बाजूला आवळली की तिचं तोंड लंबगोल होतं आणि आटे एकमेकांत आणखीनच अडकतात. पक्कड नाहीतर सांडशीनं झाकण धरलं की तेच होतं, दोन बाजूंनीच दाब येतो आणि झाकण चेपतं. पट्टा चारी बाजूंनी सारखा बसतो. 30 ते 110 मिलिमीटरपर्यंतच्या झाकणांना चालतो.

मध, गूळ, लोणचं, गंज

मधाच्या नाहीतर काकवीच्या बाटलीत हवेचा प्रश्न नसतोच, आट्यांमध्ये ओघळून वाळलेली साखर झाकण चिकटवून टाकती. तिथं गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं झाकणाभोवती दोन-तीन मिनिटं गुंडाळा, मग पुसून कोरडं करा आणि पट्टा लावा. गरम पाण्यानं पत्रा फुगतो म्हणून झाकण सुटतं असं सगळे म्हणतात, पण 63 मिलिमीटरचं झाकण 40 अंशांनी तापवलं तरी फार तर 0.03 मिलिमीटर वाढतं. खरं काम होतं ते साखर विरघळण्यानं आणि झाकणाच्या आतलं मऊ अस्तर सैल पडण्यानं. म्हणून घाई न करता तेवढा वेळ द्या. फ्रीजमधनं काढलेल्या काचेच्या बाटलीवर मात्र गरम पाणी ओतू नका, साधी काच 40 अंशांच्या वरचा एकदम फरक सोसायची खात्री नाही, उभी तडकती. आधी बाहेर ठेवून थंडपणा जाऊ द्या.

लोणच्याचं तेल झाकणाला लागलेलं असलं तर पट्टा लावायच्या आधी झाकण कोरड्या फडक्यानं पुसा. तेलावर कुठलाच पट्टा धरत नाही. आमचा पट्टा नायट्राइल रबराचा आहे, साधं रबर तेलानं फुगून लिबलिबीत होतं म्हणून ते आम्ही घेतलं नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी सोडतं, मग मिठाच्या आणि लोणच्याच्या पत्र्याच्या झाकणाला आतून गंज धरतो आणि ते बाटलीला चिकटून बसतं. पान्यानं ते सुटेल, पण आतल्या बाजूला लाल गंजाच्या खपल्या दिसल्या तर ते झाकण परत वापरू नका, माल पण बघून घ्या.

हे तेवढं मनावर घ्या

पाना वापरायला लागलं की झाकण इतकं सहज निघतं की ते आधी घट्ट होतं की नव्हतं ते हाताला कळत नाही. हातानं उघडताना कळायचं. म्हणून उघडायच्या आधी डोळ्यानं बघायची सवय लावा. नव्या सीलबंद बाटलीचं झाकण मधे वर आलेलं असलं, बोटानं दाबल्यावर टकटक वाजत असलं, किंवा जॅम-सॉससारख्या गरम भरलेल्या मालाची बाटली उघडताना आवाजच आला नाही तर सील आधीच गेलेलं आहे, ते खाऊ नका, दुकानात परत द्या. झाकण फुगलेलं असलं तर आत जंतूंनी गॅस केलेला असू शकतो, चव घेऊन बघायला पण जाऊ नका, काही जंतूंचं विष चवीला, वासाला कळत नाही आणि जिवावर बेततं. अशा बाटलीला आमचा पाना लावूच नका.

कुकरचं झाकण, सोडा आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या, गॅसची कुठलीही टाकी, गरम चहा भरलेला थर्मास, ह्यांना पण लावायचा नाही. तिथं आतला दाब बाहेर ढकलत असतो, झाकण उडून तोंडावर येईल. कुकरचं झाकण निघत नसलं तर आत वाफ आहे म्हणून निघत नाही, थांबा.

धुणं आणि दुरुस्ती

भांड्याच्या साबणानं धुवा, पुसा, सावलीत वाळवा. उन्हात टाकू नका आणि शेगडीच्या वरच्या खिळ्याला अडकवून ठेवू नका, ऊन आणि उष्णता लागली की रबराला बारीक भेगा पडतात. वाकवून बघितल्यावर भेगा दिसायला लागल्या की पट्टा बदलायची वेळ झाली असं समजा, तुटायची वाट बघू नका, ओढताना तुटला तर हात जोरात मागं जातो आणि कोपर कट्ट्यावर आपटतं.

पट्टा एका स्क्रूवर आहे, नवीन पट्टा तुम्ही जिथनं पाना घेतलात त्या दुकानात सुटा मिळतो, घरी बसवता येतो. स्क्रू फार आवळू नका, पट्टा खाचेत मोकळा सरकला पाहिजे. चोच बोथट झाली, हँडलला चीर गेली तर मात्र घरी घासत बसू नका, दुकानात द्या, निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या दुकानांतनं पण आमच्याकडं माल येत असतो त्याबरोबर येईल, आम्ही बघून देतो. चीर गेलेलं हँडल आम्ही जोडून देत नाही, बदलूनच देतो, कारण कास्टिंगला एकदा चीर गेली की ती आत कुठवर पोचलीय ते वरून दिसत नाही.