दुर्बीण धरणाऱ्या हाताचे दुखणे: पार्श्वभूमी
१९५७ च्या सुमारास पोट-आतडी आतून बघायची काचतंतूंची लवचीक दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोप किंवा नुसता स्कोप, आली. तेव्हा डॉक्टर एक डोळा नेत्रभिंगाला लावून, मान मोडून तपासणी करत. १९८० च्या दशकात कॅमेरा स्कोपच्या टोकावर बसला, चित्र पडद्यावर आले आणि मान थोडी सुटली. अंगठा मात्र सुटला नाही.

स्कोपची मूठ डाव्या हातात असते. अंगठ्याने मोठे चाक फिरवले की टोक वर-खाली वळते. डावी-उजवीकडचे लहान चाक त्याच्या पलीकडे असल्याने तिथे पोचायला अंगठा ताणावा लागतो. तर्जनी आणि मधले बोट हवा-पाणी व सक्शनच्या बटणांवर, आणि या सगळ्याचे वजन मनगटावर. उजवा हात नळी पिळत आत सारतो. मूठ साधारण एकाच मापाची येते. लहान हाताच्या डॉक्टरांचे, त्यात बऱ्याच महिला डॉक्टर आल्या, हाल इथूनच सुरू होतात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते, बाटलीचे झाकण उघडतानाही हात थरथरतो. तिथल्या, अंगठा हलवणाऱ्या कंडरांच्या सुजेला डी क्वेरव्हेन म्हणतात.

खरा घोळ ‘इजा’ या शब्दाचा आहे. या विषयावरच्या पाहण्यांमध्ये त्रास असलेल्यांचे प्रमाण ३९ पासून ८९ टक्क्यांपर्यंत सापडते. एवढी तफावत येण्याचे एक मोठे कारण म्हणजे प्रश्नच वेगळे असतात. कुठे ‘कधी दुखले का’, कुठे ‘उपचार घ्यावे लागले का’, कुठे ‘कामच बंद पडले का’. माहिती डॉक्टर स्वतःच देतात आणि ज्याचे दुखते तो प्रश्नावली भरण्याची शक्यता जास्त. मानदुखी, कंबरदुखी तर दुर्बीण कधी हातात न धरणाऱ्यांनाही असते. म्हणून काही जण ‘इजा’ न म्हणता ‘दुखणे’ म्हणा, असा आग्रह धरतात. मला तो पटत नाही. दुखणे म्हटले की ते त्या माणसाचे होते, इजा म्हटले की कामाची जागा आणि हत्यार तपासावे लागते. आकडे सैल असतील, पण चाकावर ताणलेला अंगठा सैल नाही.

पुढे कामही वाढले. अमेरिकेत २००१ पासून ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात सरसकट कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठे आतडे दुर्बिणीने तपासण्याचा, खर्च आला, २०२१ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीचे शिफारशीचे वय ५० वरून ४५ झाले. ईआरसीपी या पित्तनलिकेच्या दुर्बीण-तपासणीत तर क्ष-किरणांमुळे अंगावर शिशाचा एप्रनही असतो, आणि तो भार खांद्यांवरून थेट कमरेत उतरतो.

आताच्या शिफारशी साध्या आहेत: पडदा समोर, नजरेच्या किंचित खाली, पलंग कोपराइतका किंवा त्याखाली १० सेंटीमीटरपर्यंत, मधेमधे छोटी विश्रांती. पण एकाच खोलीत दिवसभरात उंच-ठेंगणे डॉक्टर आळीपाळीने येतात आणि पलंग सकाळी पहिल्याने लावलेल्या उंचीवरच राहतो.