नाकाआधी कातडीला विचारा

जड झुब्यांनी आधी ओघळलेली आणि मग फाटून दोन झालेली कानाची पाळी मराठवाड्यातल्या कुठल्याही लग्नात सहज दिसते. ती शिवून घेणं म्हणजे कॉस्मेटिक सर्जरीच, फक्त तसं कुणी म्हणत नाही. पाळीत भुलीचं इंजेक्शन, अर्ध्या-पाऊण तासाचं काम, आठवड्याभरात टाके निघतात. पण यात एक मेख आहे. फाटलेल्या दोन्ही कडांवर तोवर नवी कातडी आलेली असते, आणि कातडीला कातडी लावून कितीही टाके घातले तरी ती एकजीव होत नाही. म्हणून सर्जन दोन्ही कडा आधी बारीक कापून ओल्या करतो आणि मग शिवतो. पुढचं शरीर बघून घेतं. काही पार्लरांत ‘बिनाऑपरेशन’ कान जोडून देतात, तेही हेच करतात, फक्त ब्लेडऐवजी आम्लाने कड भाजतात. किती खोल भाजेल हे कुणाच्याच हातात नसतं.

थोडक्यात, सर्जन जखम करतो आणि ती भरायचं काम तुमची कातडी करते. ऑपरेशन आपल्याला मानवेल का, याचं निम्मं उत्तर तिच्याकडे असतं, आणि जाहिरातीत ते कधीच नसतं.

जखम झाली की शरीर पहिल्या काही आठवड्यांत घाईघाईने कोलॅजनचे कच्चे धागे टाकतं आणि मग वर्षभर ते उसवून पक्के विणत बसतं. त्यामुळे दोन-तीन महिन्यांचा व्रण लाल, टणक, बघवत नाही असा असू शकतो. तोच वर्षाने फिका पडतो. एवढं होऊनही त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या 80 टक्क्यांच्या फार वर जात नाही. काहींचं हे विणकाम थांबतच नाही, व्रण जखमेची हद्द ओलांडून फुगत जातो. त्याला कीलॉइड म्हणतात. गोऱ्या कातडीपेक्षा सावळ्या-काळ्या कातडीत तो जास्त होतो, त्यातही कानाची पाळी, छाती आणि खांदा या जागी. नुसता कापून काढला तर बहुतेकदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. तेव्हा आधी स्वतःच्या अंगावर नजर टाका. लहानपणी बीसीजीची लस टोचली त्या जागी फुगीर गाठ आहे का? कान टोचल्यावर गोळा आला होता का? आईला, मावशीला असं काही आहे का? असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगावं.

दुसरी गोष्ट रक्ताची. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा मराठी माणूस टिपूच्या लोकांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली आणि 1814 मध्ये कार्प्यू या सर्जनने तिकडे तीच रीत वापरली. युक्ती अशी: कपाळाची कातडी नाकाच्या मापाने कापायची, पण भुवयांच्या मध्ये तिचा देठ तसाच ठेवायचा. कातडी खाली वळवून बसवली तरी देठातून रक्त येत राहतं. नव्या जागी रक्तवाहिन्या फुटल्या, की साधारण 25 दिवसांनी देठ कापायचा. आजही कपाळावरून नाक करताना मूळ कल्पना हीच असते.

पोटाची सैल कातडी काढताना किंवा चेहऱ्याची ओढून घेताना कातडीचा मोठा पट्टा खालच्या थरापासून सोडवतात. त्याच्या कडेपर्यंत रक्त पोचायला बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या लागतात, आणि निकोटीन त्या आकसून टाकतं. मग कड काळी पडते, मरते. म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे तंबाखू बंद ठेवायला सांगतात. इथे आपल्याकडे घोळ होतो. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नावर ‘नाही’ म्हणणारी बाई रोज सकाळी मिश्री लावत असते. मिश्रीही तंबाखूच. हिरडीतून निकोटीन रक्तात जातंच. गुटख्याची तऱ्हा आणखी वेगळी. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असूनही तो मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो खाऊन ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याच्या घशात भुलीच्या डॉक्टरांनी नळी घालायची कशी? पूर्ण भूल द्यायच्या ऑपरेशनमध्ये हा जिवाशी खेळ आहे.

नाकाचं ऑपरेशन करणाऱ्याने कॅलेंडरही बघावं. डोळ्यांखालचं काळं-निळं दोनेक आठवड्यांत जातं, पण शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं. त्यात बाहेरून छेद घेतला असेल आणि वर मे महिन्यातलं परभणी-नांदेडचं ऊन, तर कोवळा व्रण उन्हाने काळवंडतो. वैशाखातल्या लग्नासाठी फाल्गुनात नाक करणं म्हणजे सुजलेल्या नाकाने फोटो काढणं. शिवाय मुलींचं नाक साधारण 15-16 आणि मुलांचं 17-18 वर्षांपर्यंत वाढत असतं.

आणि तक्रार नक्की नाकाची आहे की मोबाइलची? 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, असं 2018 मधल्या एका अभ्यासात दिसलं. कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ नाक असतं, एवढंच कारण. बायोडेटाचा फोटो दुसऱ्याला पाच-सहा फुटांवरून काढायला सांगा, बघा फरक पडतो का.

शंभरातल्या साधारण दोघांना मात्र आरसा आणि कॅमेरा दोन्ही बदलून उपयोग नसतो. दिसेल-न दिसेल अशा दोषाचा विचार त्यांच्या डोक्यात रोज तासन्‌तास फिरतो. ते लोकांत जाणं टाळतात, सारखे आरशात बघतात किंवा आरसाच टाळतात. 1891 मध्ये मोर्सेली या इटालियन डॉक्टराने या आजाराचं वर्णन केलं. त्यावर समुपदेशन आणि औषधं चालतात, चाकू सहसा चालत नाही. नाक झालं की तक्रार हनुवटीवर जाते. चांगला सर्जन अशाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. राग मानू नये, तो आपलं गिऱ्हाईक घालवून पाठवत असतो. ‘पाहुण्यांनी नापसंत केलं’ म्हणून आलेल्या मुलीला खरं तर कुणीच लगेच तारीख देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चरबी काढण्याबद्दल एकच: लायपोसक्शन वजन उतरवण्यासाठी नसतं. ते अंगाचा आकार बदलतं, आणि खाणं तसंच राहिलं तर उरलेल्या पेशी फुगतात.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं. गरज नसलेलं ऑपरेशन म्हणजे काय, हे आपल्या भागाला नव्याने सांगायला नको. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या पाटीवरून सर्जरीचं शिक्षण कळत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच सांगितलंय की केस-रोपण आणि असल्या शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्यांनीच कराव्यात, यूट्यूब बघून शिकलेल्यांनी नाही. पैशाचंही आधीच बोलून घ्या. भाजणं, अपघात किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती सोडली तर आरोग्य विमा दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला एक रुपया देत नाही. नाकाची ऑपरेशनं काही जणांना दुसऱ्यांदा करावी लागतात. तशी वेळ आली तर भूल, थिएटर आणि सर्जनची फी कुणी भरायची, हे पहिल्या ऑपरेशनआधी कागदावर लिहून घ्यावं.