पस्तावा आणि पश्चात्ताप: दिसायला भाऊ, पण वाट वेगळी

मराठीनं इथं आपली पंचाईतच करून ठेवली आहे. 'पस्तावा' हा 'पश्चात्ताप' याचाच बोलून बोलून झिजलेला अवतार, म्हणून दोन्ही एकच वाटतात. रोडलगतची जमीन विकली, वर्षात भाव दुप्पट झाला, पस्तावलो. चर्चमधल्या उपासनेत पाळक (धर्मगुरू) 'पश्चात्ताप करा' म्हणतात तेव्हाही आपल्याला ऐकू येतं ते एवढंच: वाईट वाटून घ्या.

बेळगावात राहण्याचा एक फायदा म्हणजे कन्नड बायबलही कानावर पडतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, आपल्याकडे 'पश्चात्ताप करा' आहे, तिथं जुन्या कन्नड भाषांतरात आहे 'देवर कडेगे तिरुगिकोळ्ळिरि'. देवाकडे वळा! रडण्याबिडण्याचा उल्लेखच नाही. मूळ ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. येशूला शत्रूंच्या हाती देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत, त्याच्याबद्दल मात्र मत्तय दुसराच शब्द वापरतो, मागाहून हळहळण्याचा.

यहूदाला आपण निगरगट्ट समजतो, पण मत्तय 27 नीट वाचा. निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं, अशी त्यानं कबुली दिली. त्या सौद्यात मिळालेली चांदीची 30 नाणी परत द्यायला तो गेला. दुःख, कबुली, भरपाई, सगळं झालं की! मग उणं काय राहिलं? तो गेला याजकांकडे, ज्यांच्याशी सौदा केला त्यांच्याच दारात. 'आम्हांला त्याचं काय, तुझं तू बघ,' म्हणाले ते. नाणी मंदिरात फेकून त्यानं जीव दिला. (अशा माणसाचा शेवटचा निवाडा आपण करू नये, हे माझं मत.)

आणि पेत्र या दुसऱ्या शिष्यानं काय केलं? येशूला पकडलं त्या रात्री येशूला ओळखतच नाही असं तीनदा सांगितलं, तेही शपथा घेऊन. कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडला. कबुली कुणाकडे दिल्याचं लिहिलेलं नाही. पण तो इतर शिष्यांबरोबर राहिला, आणि पुढे तिबिर्याच्या सरोवराकाठी पुन्हा उठलेला प्रभू उभा आहे हे कळताच नाव किनाऱ्याला लागायचीही वाट न बघता पाण्यात उडी घेतली. ज्याचा अपराध केला, त्याच्याकडेच. काठावर कोळशाचा विस्तव होता. नाकारलं तेव्हाही तो कोळशाच्याच विस्तवापाशी शेकत होता. योहानानं आपल्या शुभवर्तमानात हे दोनदा टिपलंय ते उगाच नसावं. 'का नाकारलंस' असं येशूनं विचारलं नाही. प्रीती करतोस का, एवढंच तीनदा विचारलं, आणि दर उत्तरावर आपली मेंढरं सांभाळायला दिली.

प्रेषित पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (7:10) दुःखाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक तारणाकडे नेणारं, दुसरं मरणाकडे. पस्ताव्यात 'मी' फार असतो: मी असं कसं केलं, लोक मला काय म्हणतील.

आमच्या मंडळीत एकानं पूर्वी नाताळाच्या वर्गणीत हात मारला होता. कैक वर्षांनी पैसे घेऊन परत आला, पण बसायचा शेवटच्या बाकावर, मान खाली. दोन वर्षं तसाच. तेवढ्यालाच तो पश्चात्ताप समजत होता, आणि आम्हीही. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी दानाची थैली फिरवायला त्यालाच उठवलं. कुजबुज झाली. मलाही ते रुचलं नव्हतं. थैली माझ्यापुढे आली तेव्हा त्याचा हात थरथरत होता, आणि खिशातली नोट काढायला मी जरा जास्तच वेळ लावला.